राज्यपालाला मत कोण देतो?

विधानसभेच्या निवडणुकीत शिराळ्याचा मतदार एक आमदार निवडतो. असे २८८ आमदार मिळून महाराष्ट्राची विधानसभा होते आणि तिच्यातील बहुमतातून मंत्रिमंडळ उभे राहते. येथपर्यंतचा मार्ग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु मुख्यमंत्र्याला शपथ देतात ते राज्यपाल. विधेयकावर सही करतात तेही राज्यपाल. आणि राज्याचा सारा कारभार चालतो तो त्यांच्याच नावाने. मग या राज्यपालांना मत कोण देतो?

कोणीच नाही. अमेरिकेत घटक राज्यांतील लोक विधिमंडळ निवडतात आणि आपला गव्हर्नरही स्वतःच निवडतात. अर्जेंटिनाच्या प्रांतांतही तीच रीत आहे. आपल्याकडे मात्र घटनेच्या १५५ व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपती राज्यपालांची नेमणूक करतात. लोकांच्या राज्यात हे असे का ठरले?

याचे उत्तर शोधण्यासाठी १९३७ सालापर्यंत मागे जावे लागते. १९३५ च्या कायद्यान्वये त्या वर्षी अकरा प्रांतांत निवडणुका झाल्या. मताधिकार सर्वांना नव्हता. सारा, मालमत्ता, शिक्षण अशा कसोट्या होत्या. मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. पण गव्हर्नरांच्या हाती खास अधिकार होते. ते मंत्र्यांच्या रोजच्या कारभारात वापरले जाणार नाहीत, असे आश्वासन मिळाल्याखेरीज अधिकारग्रहण करायचे नाही, असे काँग्रेसने ठरवले. तेव्हा गव्हर्नरांनी साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांना पाचारण केले आणि १ एप्रिल १९३७ रोजी त्यांचे मंत्रिमंडळ आले. त्यांच्यामागे बहुमत नव्हते, तरी ते जुलैपर्यंत टिकले. शिराळा त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होते. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील एक गृहस्थ प्रांताचे मुख्यमंत्री झाले, पण त्यांना ते पद मतदारांनी दिलेले नव्हते, गव्हर्नरांनी दिलेले होते. पुढे जुलैमध्ये वर्ध्याच्या बैठकीत काँग्रेसने अधिकारग्रहणाचा निर्णय घेतला आणि बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. युद्धाच्या प्रश्नावर १९३९ च्या नोव्हेंबरात त्याने राजीनामा दिला आणि १९४६ पर्यंत प्रांतात पुन्हा गव्हर्नरांचीच राजवट राहिली. त्याच काळात सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

हा अनुभव ताजा असतानाच घटना समितीचे काम सुरू झाले. १९४७ साली सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवले की, गव्हर्नर प्रौढ मताधिकाराने थेट लोकांनीच निवडावा. १९४८ च्या मसुद्यात हा पर्याय होता. त्याच्या जोडीला दुसराही होता: विधानसभेने चार नावे निवडावीत आणि त्यांतून राष्ट्रपतींनी एकाची नेमणूक करावी. मे १९४९ मध्ये चर्चा झाली आणि दोन्ही पर्याय मागे पडले. राष्ट्रपतींनीच नेमणूक करावी, असे ठरले.

कारण सरळ होते. मुख्यमंत्री एका मतदारसंघातून निवडून येतो. गव्हर्नर साऱ्या प्रांताच्या मतांवर निवडून आला, तर तो सहज म्हणू शकेल, "लोकांचा कौल तुमच्यापेक्षा माझ्या पाठीशी मोठा आहे." मग एका राज्यात दोन धनी होतील. अमेरिकेत ही अडचण येत नाही, कारण तेथे गव्हर्नर हाच कारभाराचा प्रमुख असतो. आपण मात्र विधानसभेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ स्वीकारले. डॉ. आंबेडकरांचा मुद्दा असा की, ज्याने मंत्र्यांच्या सल्ल्यानेच वागायचे आहे, त्याच्यासाठी एवढ्या खर्चाची निवडणूक कशाला? नेमलेला गव्हर्नर दिल्लीच्या मर्जीने वागेल, ही शंकाही तेव्हाच व्यक्त झाली होती.

थोडक्यात, राज्यपालांना मत नाही, कारण त्यांनी सत्ता चालवायचीच नाही, हा त्या वेळचा सौदा होता. ज्या दिवशी नेमलेला मनुष्य स्वतःच्या मताने सरकार करू वा पाडू लागेल, त्या दिवशी हा सौदा मोडला असे समजावे. एरवी राज्यपालांचे पद शांत असते. खरी परीक्षा येते ती बहुमत कोणाचे, याविषयी वाद उभा राहिला म्हणजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात त्याचे उत्तर दिले: बहुमत राजभवनात मोजायचे नाही, सभागृहात मोजायचे.

महाराष्ट्रात हा प्रश्न जून २०२२ मध्ये उभा राहिला. शिवसेनेत फूट पडल्यावर राज्यपालांनी ३० जून रोजी बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. उद्धव ठाकरे यांनी २९ जूनलाच राजीनामा दिला. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की, तशी चाचणी बोलावण्याइतका आधार राज्यपालांपुढे नव्हता. पण राजीनामा आधीच दिला गेल्यामुळे जुने सरकार परत आणता येणार नाही. आणि त्यानंतर एकनाथ शिंदे यांना पाचारण करणे योग्यच होते. या निकालातून दोन धडे मिळतात. राज्यपालांच्या निर्णयाची छाननी होऊ शकते, हा एक. आणि लढत सभागृहात न होता बाहेरच संपली, तर मागाहून मिळालेला न्याय अपुरा पडतो, हा दुसरा.

कोणाला हे राज्यपाल बरोबर वाटतील, कोणाला ते. पक्षागणिक मते निराळी असणार. परंतु कसोटी एकच ठेवावी, आणि आपल्या पक्षाचा लाभ होत असतानाही तीच लावावी: बहुमत सभागृहात मोजले गेले का? शिराळ्याच्या मतदाराने दिलेले मत आमदाराच्या रूपाने त्या सभागृहात बसलेले असते. मोजणी तेथे झाली तरच ते मत मोजले गेले. मोजणी अन्यत्र झाली, तर ज्याला कोणी मत दिले नाही त्याचा शब्द आपल्या मतावर चढला, असे म्हणावे लागेल.