वायूची पेवे

पेव म्हणजे काय, हे आपल्या सभासद बंधूंस सांगणे नलगे. सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्धच होती. माल भूमीत कोंडला की आतील प्राणवायू सरतो व कीड जगत नाही. आता वायूही असाच भूमीच्या पोटात साठवितात, आणि त्याचा हिशेब आम्हां धान्यवाल्यांस चांगला उमगतो.

उन्हाच्या व वाऱ्याच्या सुगीत वीज अमाप होते, पुढे टंचाई पडते. जास्तीच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून ठेविला, तर तो टंचाईत जाळता येतो. प्रश्न कोठाराचा. इंग्लंडात टीसाइड येथे रासायनिक कारखान्यांसाठी १९७२ पासून हा वायू सुमारे ३५० मीटर खोल, मिठाच्या थरातील तीन पोकळ्यांत ठेविला जातो. अशी पोकळी कुदळीने खणीत नाहीत. छिद्रातून पाणी सोडून मीठ विरघळवितात व खारे पाणी उपसून घेतात. दाबाखाली मीठ मेणासारखे सरकते, त्यामुळे बारीक भेगा आपोआप मिटतात. पेवास गवताचे अस्तर करणाऱ्यांस या गुणाचे मोल निराळे सांगावयास नको.

तथापि वायू बाहेर ढकलण्यास दाब हवा, म्हणून बहुधा काही साठा कायमचा आतच ठेवावा लागतो: मिठाच्या पोकळीत सुमारे तिसरा हिस्सा, पाणी धरणाऱ्या सच्छिद्र खडकात पुष्कळदा निम्म्याहूनही अधिक. हे अडकलेले भांडवल. व्याज चढते, विक्री नाही. शिवाय तेवढ्याच जागेत, तेवढ्याच दाबाने, हायड्रोजनपासून मिळणारी उष्णता नैसर्गिक वायूच्या सुमारे एक-तृतीयांशच.

तुटीची गोष्ट याहून नवलाची. चेकोस्लोव्हाकियात लोबोदित्से येथे अशाच सच्छिद्र खडकात कोळशापासून केलेला शहरी वायू भरीत. भरताना त्यात हायड्रोजन ५४ टक्के होता. काही महिन्यांनी काढला तेव्हा ३७ टक्केच निघाला, आणि मिथेन २२ वरून ४० टक्क्यांवर गेलेला. प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्म जीव हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड खाऊन मिथेन करीत होते! पेवात कीड मरते ती ज्या कारणाने, त्याच कारणाने यांची भरभराट. पाण्याचा थेंबही जीवरहित न मानणाऱ्या आपल्या समाजास यात फारसे आश्चर्य वाटू नये.

आमच्या मते अशा कोठाराची पारख भिंतीइतकीच त्याच्या तोंडावरूनही करावी. अमेरिकेत कॅन्सस राज्यात हचिन्सन येथे जानेवारी २००१ मध्ये मिठाच्या पोकळीतील नैसर्गिक वायू विहिरीच्या फुटक्या नळीतून निसटला, सुमारे ११ किलोमीटर जमिनीखालून सरकत गेला आणि शहरातील जुन्या, टाकून दिलेल्या मिठाच्या विहिरींतून वर येऊन पेटला. दोन माणसे दगावली.