लिंबाचं तेल विकण्याआधी पुरवठादाराला हा एक प्रश्न विचारा



साबण, मेणबत्ती, मसाज ऑइल असा घरगुती व्यवसाय सुरू करताना बहुतेक जण आधी लिंबाचं नाहीतर संत्र्याचं इसेन्शियल ऑइल मागवतात. वास सगळ्यांना आवडतो, लॅव्हेंडर किंवा गुलाबापेक्षा स्वस्त पडतं आणि ‘नैसर्गिक’ म्हटलं की गिऱ्हाईक थांबतं. मीही तेच केलं होतं. त्यात काय चुकलं ते आज सांगते, म्हणजे तुमचं चुकणार नाही.

अंजनवेलच्या माझ्या दुकानात सुट्टीच्या दिवसांत पर्यटक येतात. गोपाळगड बघून, दीपगृहाकडे जाऊन दमलेल्या लोकांना लिंबाच्या वासाचं मसाज ऑइल आवडेल, असं मला वाटलं. खोबरेल तेलात लिंबाचं तेल अंदाजाने ओतलं आणि चोवीस बाटल्या भरल्या. पॅच टेस्टही केली. रात्री हाताला लावून झोपले, सकाळी काहीच नाही. मी खूश!

दुसऱ्या दिवशी तेच तेल पुन्हा हाताला चोळलं आणि भर दुपारी स्कूटरवरून गुहागरला बँकेत गेले. दुसऱ्या दिवशी हात लाल झाला, मग फोड आले आणि नंतर जो काळपट डाग राहिला तो जायला काही महिने लागले. डॉक्टरांनी विचारलं, “काही लावून उन्हात गेला होतात का?” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी टेस्ट अंधारात केली होती आणि माझं गिऱ्हाईक उन्हात फिरणार होतं. एकही बाटली विकली नव्हती, हे नशीब.

असं का होतं?

लिंबाच्या सालीत फ्युरानोकौमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते. ही गोष्ट नवीन नाही. कोलोनमधल्या बर्गमॉट तेलामुळे अंगावर असे डाग पडतात, हे युरोपातल्या डॉक्टरांनी 1916 सालीच नोंदवलं होतं. बर्गमॉट हेसुद्धा लिंबाच्याच कुळातलं फळ.

आता मुद्द्याची गोष्ट. एकाच लिंबापासून दोन प्रकारची तेलं निघतात. साल दाबून काढलेलं ते कोल्ड प्रेस्ड. त्यात ही द्रव्यं उतरतात. वाफेवर काढलेलं ते स्टीम डिस्टिल्ड. ही द्रव्यं वाफेबरोबर उडत नाहीत, मागेच राहतात, म्हणून या तेलाला उन्हाचा तो धोका नसतो. माझ्या बाटलीवर नुसतं ‘लेमन ऑइल’ लिहिलं होतं आणि मीही विचारलं नाही. बीबीएला कॉस्टिंग शिकले, मार्जिन शिकले, पण कच्च्या मालाला प्रश्न विचारायला या हाताने शिकवलं.

म्हणून पुरवठादाराला विचारा: “तेल कसं काढलंय?” लगोलग शास्त्रीय नावही विचारा. आपलं कागदी लिंबू म्हणजे इंग्रजीतलं लाइम, लेमन नव्हे. बाजारात दोन्ही ‘लिंबू तेल’ म्हणून विकतात, पण मर्यादा वेगळ्या आहेत.

किती घालायचं?

सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संस्था इफ्रा हिने अंगावर राहणाऱ्या उत्पादनांसाठी कोल्ड प्रेस्ड तेलांच्या मर्यादा ठरवल्या आहेत. 100 मिली मसाज ऑइलमध्ये जास्तीत जास्त:

- लेमन: 2 मिली
- लाइम: 0.7 मिली
- बर्गमॉट: 0.4 मिली

दोन-तीन तेलं एकत्र केलीत तर प्रत्येकाचं प्रमाण आणखी कमी करावं लागतं. गोड संत्र्याच्या तेलाला उन्हाचा हा धोका नाही, म्हणून नवख्याने तिथून सुरुवात करावी. आणि थेंब मोजू नका, वजनकाटा घ्या. ड्रॉपर बदलला की थेंबही बदलतो.

जुना स्टॉक म्हणजे फायदा नव्हे

संत्र्याच्या तेलात 90 टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं. हवा लागली की ते बिघडतं आणि बिघडलेल्या तेलाने ॲलर्जी होऊ शकते. म्हणून एकदम लिटरभर घेऊ नका. गडद काचेची छोटी बाटली घ्या, थंड जागी ठेवा, उघडल्याची तारीख लिहा. थर्माकोल आणि काही प्लास्टिक या तेलात विरघळतं. हाच गुण कामालाही येतो: बरणीवरच्या स्टिकरचा चिकट डाग दोन थेंबांत निघतो. हे तेल 50 अंशांच्या आतच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, म्हणून मेणबत्ती करताना गॅसजवळ बाटली उघडी ठेवायची नाही.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

डिफ्युझरमध्ये तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी. खोली प्रसन्न वाटते, तेवढं पुरे. घरात तान्हं बाळ, दमेकरी किंवा मांजर असेल तर नको. नुसतं तेल अंगाला लावायचं नाही, प्यायचं तर अजिबात नाही. कोल्ड प्रेस्ड तेल प्रमाणाबाहेर लागलं असेल तर निदान 12 तास उन्हात जायचं नाही.

‘डोकेदुखी बरी होते’, ‘टेन्शन जातं’ असं लेबलवर छापू नका. औषधी दाव्यांच्या जाहिरातींवर 1954 पासून कायदा आहे. अंगाला लावायची वस्तू बनवून विकायची तर सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 नुसार परवाना लागतो. त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाकडे करा. परवाना हातात येईपर्यंत मेणबत्ती आणि रूम फ्रेशनरपासून सुरुवात करता येते. मीही तेच केलं.

त्या चोवीस बाटल्या मी ओतून दिल्या. पैसे गेले, वाईट वाटलं. पण धोपाव्याच्या फेरीबोटीने आलेलं एखादं कुटुंब माझं तेल लावून दिवसभर किनाऱ्यावर हिंडलं असतं तर? छोट्या गावात दुकानाचं नाव एकदाच खराब होतं.

आजचा गृहपाठ: तुमच्याकडे जी बाटली आहे ती हातात घ्या. काढण्याची पद्धत, शास्त्रीय नाव, बॅच नंबर आणि तारीख, या चार गोष्टी तिच्यावर आहेत का बघा. नसतील तर पुरवठादाराला आजच मेसेज करा आणि तपासणी अहवाल मागा. उत्तर टाळलं, तर दुसरा पुरवठादार शोधा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!