सुंतेची जखम व घरची लाज

शस्त्रक्रियेचें यशापयश शस्त्र चालविणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतें, असा आपला समज आहे. परंतु तें अर्धेंच सत्य होय. सुंतेची क्रिया घटकाभरांत आटोपते. तिची जखम मात्र तान्ह्या मुलास आठदहा दिवस, मोठ्या मुलास दोनतीन आठवडे व प्रौढ पुरुषास सुमारें सहा आठवडे सांभाळावी लागते. या मुदतींत तिचा सांभाळ डॉक्टर करीत नाहीं, घर करतें. आणि ज्या अवयवाचें नांव घेण्याचीच घरांत चोरी, त्याच्या जखमेविषयीं त्या घरास कोणी नीट कांहीं सांगत नाहीं. आजचा लेख या मौनाविरुद्ध आहे.

सुंता करावी कीं करूं नये, या वादांत आम्ही आज शिरत नाहीं. मुसलमान बांधवांत तो धर्माचार आहे. कोंकणांतील बेने इस्रायल समाजांत जन्मापासून आठव्या दिवशीं तो होत आला आहे. आणि अग्रत्वचा आवळून लघवीस अडथळा होऊं लागला, तर हिंदूच्या मुलावरहि हीच शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग येतो. तिन्ही घरांचे विधि निराळे, पण जखम एकच. आणि ती भरून येण्याचे नियमहि एकच.

जखम बांधण्याचें शास्त्र आपल्याकडे नवें नाहीं. सुश्रुतानें बंधाचे गाढ, सम व शिथिल असे तीन प्रकार सांगून कोणत्या अवयवास कोणता बंध घालावा हें नेमून दिलें आहे. आणि शिश्नासाठीं त्यानें 'सम', म्हणजे ना घट्ट ना सैल, असा बंध सांगितला आहे. या एका शब्दाची किंमत किती, तें पाहावयाचें असेल तर दक्षिण आफ्रिकेकडे दृष्टि टाकावी. तेथील ईस्टर्न केप प्रांतांत खोसा समाजाचे तरुण पुरुषत्वाची दीक्षा घेण्यासाठीं वस्तीपासून दूर झोपड्यांत राहून सुंता करून घेतात. अजाण हातांनीं जखमेवर पट्टी करकचून आवळली जाते, आणि पहिले कांहीं दिवस पाणी पिणें जवळजवळ वर्ज्य मानलें जातें. परिणाम व्हावयाचा तोच होतो. कोणाचा रक्तप्रवाह तुटून अवयव सडतो, कोणाच्या शरीरांतील पाणी आटतें, कोणाच्या रक्तांत जंतुविष भिनतें. 1995 पासून शेकडों तरुण या दीक्षेंत प्राणास मुकले आहेत. 2014 च्या डिसेंबरांत केपटाऊन येथील टायगरबर्ग रुग्णालयांत शल्यवैद्यांनीं नऊ तास खपून एका 21 वर्षांच्या तरुणास मृत दात्याचें शिश्न बसविलें. त्याचें स्वतःचें अशाच सुंतेनंतरच्या बिघाडानें गेलें होतें. वैद्यकाचा हा पराक्रम खरा. पण वेळींच सैल केलेल्या एका पट्टीनें जें वांचलें असतें, त्यासाठीं तो करावा लागला, हें विसरतां कामा नये. त्या प्रांतानें 2001 मध्यें व पुढें साऱ्या देशानें 2021 मध्यें या विधीवर कायद्याची देखरेख आणली. विधि बंद केला नाहीं; त्यास जबाबदार केलें. आम्हांस हाच मार्ग मान्य आहे.

आपल्याकडे तितका अनर्थ होत नाहीं, म्हणून कोणी निश्चिंत राहूं नये. जखमेवर राख, हळद किंवा तंबाखू दाबणारे हात आपल्याकडेहि आहेत. अशा मळक्या लेपांतूनच धनुर्वाताचे जंतु शरीरांत शिरूं शकतात. लघवी झोंबेल म्हणून मुलास पाणी कमी पाजणारी माया तर फारच घातक. पाणी कमी पडलें कीं लघवी दाट होते व अधिकच झोंबते. मुलास पाणी भरपूर पाजावें.

बाकीची शुश्रूषाहि अशीच साधी आहे. जखमेस हात लावण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे. पट्टी डॉक्टर सांगेल तितके दिवस कोरडी ठेवावी. ती चिकटली तर ओढूं नये, कोमट पाण्यानें भिजवून सोडवावी. तान्ह्या मुलाचें दुपटें बदलतांना जखमेवर व्हॅसलीन लावावें, म्हणजे कापड चिकटत नाहीं. मोठ्यांनीं सैल लुंगी नेसावी. सायकल व दांडगाई कांहीं आठवडे वर्ज्य करावी. प्लास्टिकची कडी बसविली असेल, तर ती बहुधा आठवडाभरांत आपोआप गळून पडते. तिला ओढणें हा अपराध समजावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं जखमेवर पिवळसर पातळ साय धरते. ती पाहून पू झाला असें समजून आया घाबरतात व घासून काढूं लागतात. ती भरून येण्याची खूण आहे. तिला हात लावूं नये. दुखणें कमी होण्यासाठीं पॅरासिटामॉल वयाच्या मानानें द्यावें. मुलांस ॲस्पिरिन कदापि देऊं नये.

परंतु कांहीं खुणा दिसतांच घरगुती उपाय थांबवून रुग्णालय गांठलें पाहिजे. स्वच्छ कापडानें दहा मिनिटें सतत दाबूनहि रक्त न थांबणें, आठ तासांत लघवी न होणें, ताप येणें, दुर्गंधीचा पू वाहणें, लाली पोटाकडे पसरणें, आणि अवयवाचें टोंक निळें-काळें पडणें, या त्या खुणा होत. शेवटची दिसली तर रात्र सरण्याची वाट पाहूं नये.

रक्त न थांबण्याचा रोग कांहीं घराण्यांत वंशपरंपरेनें चालतो. यहुद्यांच्या ताल्मूद ग्रंथांत, एका मातेचे पहिले दोन मुलगे सुंतेनें दगावले तर तिसऱ्याची सुंता करूं नये, असें मत नोंदलेलें आहे. ज्या धर्मानें ही आज्ञा दिली, त्याच्याच पंडितांनीं मुलाच्या प्राणापुढें ती मागें घेतली. तेव्हां घराण्यांत अशी रक्तस्रावाची घटना घडली असेल, तर ती शस्त्रापूर्वीं डॉक्टरास सांगणें हें पित्याचें पहिलें कर्तव्य आहे.

प्रौढ पुरुषांविषयीं दोन शब्द. आफ्रिकेंतील तीन देशांत झालेल्या प्रयोगांत सुंतेमुळें स्त्रीसंगांतून पुरुषास एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारें साठ टक्क्यांनीं कमी झालेला आढळला, व 2007 मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें त्या रोगाच्या दाट प्रसाराच्या प्रदेशांसाठीं तिची शिफारस केली. पण त्याच संघटनेनें सहा आठवड्यांचा संयमहि सांगितला आहे. कारण अर्धवट भरलेली जखम रोगास उघडें दार असते. हें पतीस एकट्यास सांगून भागत नाहीं, पत्नीसहि सांगितलें पाहिजे.

म्हणून आमचें मागणें फार मोठें नाहीं. जो कोणी सुंता करील, मग तो शल्यवैद्य असो वा परंपरेचा वस्तरा धरणारा असो, त्यानें मुलास घरीं धाडतांना शुश्रूषेचे नियम घरच्या भाषेंत लिहून आईच्या हातीं द्यावे. बापाच्या हातीं दिलेला कागद खिशांत राहतो, आणि दुपटें बदलणारी आई अंधारांतच राहते. ज्या घरांत सुंतेची मेजवानी वाजतगाजत होते, त्या घरांत तिच्या जखमेविषयीं कुजबुजून बोलण्याचें कारण काय? लाजेनें आजवर एकहि जखम भरून आलेली नाहीं.