एकट्याचे तिघे झाले

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तिथल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात स्कॉट हॅन्सन या माणसाने एक वाद्यमेळ उभा केला. त्याचे नाव टायको. चारशे वर्षांपूर्वी डेन्मार्क देशात तारे पाहणारा एक विद्वान होता, त्याचेही नाव हेच.

या मेळात बहुधा गाणारा नसतो. नुसती वाद्ये. आमच्या नातवाने ते आम्हांला ऐकवले, तेव्हा गाणारा आता तोंड उघडेल, मग उघडेल, अशी वाट पाहत आम्ही बसलो. बराच वेळ गेला, तेव्हा नातू हसला!

हॅन्सन चित्रकार. छपाईची चित्रे काढायची आणि घरी एकट्यानेच संगीत जुळवायचे. त्याचे वाद्य सिंथेसायझर. हे काय असते? बाजाची पेटी तुम्ही पाहिली आहे. भात्याची हवा लागली की आतली पितळी पट्टी थरथरते आणि सूर निघतो. सिंथेसायझरमध्ये हवा नाही, पट्टी नाही. तिथे वीजच थरथरते. सेकंदाला ४४० वेळा थरथरली की एक सूर. ८८० वेळा थरथरली की तोच सूर वरच्या सप्तकात. ही थरथर कर्ण्याचा पडदा हलवते, मग आपल्याला ऐकू येते.

एक ओळ वाजवायची, कॉम्प्युटरात साठवायची. तिच्यावर दुसरी, मग तिसरी. गोधडीला थर घालतात तसे. एकटा माणूस दहा जणांचे काम करतो. २००६ साली त्याचा 'पास्ट इज प्रोलॉग' हा संग्रह निघाला, तो असाच.

मग माणसे कशाला हवीत? आम्ही शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवत असू. मुले मागे पडली की आमचा हात आपोआप सावकाश व्हायचा. साठवलेल्या सुरांना हे कुठून कळणार? ते आपले पुढे धावतात.

हॅन्सनने दोघे जोडीला घेतले. झॅक ब्राउन गिटार वाजवी, रोरी ओ'कॉनर ड्रम. २०१४ चा 'अवेक' हा संग्रह तिघांचा आहे. त्यात गिटार पुढे आली. विजेच्या गिटारीत पोलादी तारांखाली लोहचुंबक असते, त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. वरची तार हलली की वेटोळ्यात वीज उपजते.

असल्या वादनाला पोस्ट-रॉक म्हणतात. १९९४ साली सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज टीकाकाराने हे नाव रूढ केले. वाद्ये रॉक गाण्याचीच, पण मुखडा-अंतरा असा बांधा नाही. सूर हळूहळू भरत जातो, नदीला पाणी चढावे तसा. टायकोला यात धरावे की नाही, यावर जाणकारांचे एकमत नाही. २०१६ च्या 'एपॉक'ला ग्रॅमी बक्षिसासाठी नामांकन मिळाले, तेही नाचाच्या व विजेच्या संगीताच्या वर्गात!

२०१९ साली 'वेदर'मध्ये त्याने गाणारी बाई आणली. आणि पुढच्याच वर्षी तेच संगीत, गाणे वगळून, 'सिमुलकास्ट' नावाने पुन्हा काढले. आम्ही दोन्ही ऐकले. आम्हांला बिनगाण्याचे बरे वाटले, नातवाला गाण्याचे.