अर्थशास्त्राच्या वर्गातील संशोधननीती

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस संशोधननीती शिकवावयाची म्हणजे वाङ्मयचौर्य करू नये, आकडे रचू नयेत, असे नियम सांगावयाचे, अशी समजूत आढळते. हे नियम आवश्यक आहेतच. पण ते मोडणारास आपण काय करीत आहोत हे पुरते ठाऊक असते. खरी अडचण निराळी आहे. कोणती वर्षे घ्यावी, कोणती वगळावी, सरासरीत कोणास किती भार द्यावा, हे निर्णय केवळ तांत्रिक वाटतात, आणि संशोधकाच्या सचोटीची कसोटी बहुधा तेथेच लागते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील एका वर्गाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सार्वजनिक कर्ज देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या प्रगत देशांचा युद्धोत्तर काळातील सरासरी वृद्धिदर उणे ०.१ टक्का होता, असे कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली एका निबंधात दाखविले. काटकसरीच्या धोरणाचे पुरस्कर्ते त्याचा आधार घेत. प्रसिद्ध निबंधातील गणित पुन्हा करून पाहावे, असा स्वाध्याय अर्थमितीच्या अभ्यासक्रमात होता. थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने हा निबंध घेतला आणि उत्तर जुळेना. चूक त्याचीच असावी, असे शिक्षकांस प्रथम वाटले; शिक्षकांस असे नेहमीच वाटते. पुढे मूळ लेखकांनी विनंतीवरून आपले एक्सेलचे पत्रक पाठविले, तेव्हा उलगडा झाला.

सूत्रातील दोषामुळे पाच देश सरासरीतून गळले होते. ही अनवधानाची चूक लेखकांनी मान्य केली. अधिक विचार करावयास लावते ती न्यूझीलंडची गोष्ट. त्या देशाची १९४६ ते १९४९ ही वर्षे गणनेत नव्हती. उरले एकटे १९५१, वृद्धिदर उणे ७.६. ब्रिटनची वर्षे होती १९, सरासरी २.४. प्रत्येक देशास समान भार दिल्यामुळे ते एक वर्ष या १९ वर्षांच्या तोडीचे ठरले. हर्न्डन, मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांच्या २०१३ मधील पुनर्गणनेत तोच दर २.२ टक्के निघाला.

समान भार देणे हे पाप नव्हे. त्याचे समर्थन होऊ शकते, आणि लेखकांनी ते केलेही. मात्र त्या निवडीने उत्तर किती हलते, हे कोष्टक वाचणारास कळण्यास मार्ग नव्हता. उलटपक्षी, दुरुस्त आकड्यांतही अधिक कर्जाच्या गटाचा दर इतर गटांहून कमीच राहिला; तेव्हा 'निबंध खोटा ठरला' एवढेच लिहून मोकळा होणारा विद्यार्थीही सोयीचे तेवढेच उचलीत असतो.

अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१८ साली व्यावसायिक आचारसंहिता स्वीकारली. ती एका तासात वाचून होते. पुनर्गणनेस सत्रार्ध लागतो. वगळलेल्या प्रत्येक वर्षाचे कारण विद्यार्थ्याने उत्तर निघण्यापूर्वी लिहून ठेवावे, आणि मग भार बदलून तेच गणित दोनदा करावे. आरंभ विभागातील अध्यापकांच्याच निबंधांपासून करणे सोयीचे. मूळ पत्रके तेथे हाताशी असतात.