दाढी न काढता सीपॅपचा मास्क कसा बसला, त्याची गोष्ट



१ जूनपासून बंदी लागली. ट्रॉलर धक्क्याला लागले, जाळी दुरुस्तीला निघाली, कोणी इंजिन उघडून बसलाय. ३१ जुलैपर्यंत आपण बोटीची डागडुजी मन लावून करतो. या ६१ दिवसांत स्वतःच्या अंगाचीही थोडी डागडुजी करावी, म्हणून हे लिहितोय. विषय झोपेचा आहे आणि दाढीचाही आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी महिना होता. पाच दिवसांची फेरी करून पहाटे मालिमला परत येत होतो. सुकाणू माझ्याच हातात. आग्वादचा दिवा दिसला, एवढं आठवतं. त्यानंतर आठवतं ते खलाशाचं ओरडणं, "सेठ! सेठ!" बोट वाट सोडून मांडवीच्या तोंडाकडच्या वाळूच्या पट्ट्याकडे चालली होती. त्याने धावत येऊन सुकाणू फिरवलं म्हणून वाचलो. बोटीवर आम्ही सातजण होतो.

जागरण झालं असतं तर मी समजू शकलो असतो. पण आदल्या रात्री मी चांगला सहा तास झोपलो होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, तुम्ही झोपता कुठे? घोरता घोरता एकदम गप्प होता. मी पडल्या पडल्या मोजत असते. मग गुदमरल्यासारखे दचकून श्वास घेता. किती वर्षं सांगतेय, तुम्ही हसण्यावारी नेता."

तिचं खरं होतं. डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली. रात्रभर बोटाला, छातीला, नाकाला तारा लावून झोपायचं. निकाल आला स्लीप ॲप्निया, तासाला ३८.

म्हणजे नेमकं काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. श्वास १० सेकंद किंवा जास्त अडकला की तो एक झटका. वाट अर्धवट मिटून श्वास फार कमी झाला तर तोही हिशेबात धरतात. असे झटके तासाला ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर गंभीर. प्रत्येक वेळी मेंदू आपल्याला थोडं जागं करतो, सकाळी आपल्याला त्यातलं काही आठवत नाही. म्हणून आठ तास पडून राहिलं तरी माणूस थकलेलाच उठतो. पुढे रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि सुकाणूवर डुलकी लागते.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे सीपॅप मशीन. ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली ते पहिल्यांदा वापरलं. उशाशी छोटा पंखा असतो, तो नळीतून हवा ढकलतो, मास्कमधून ती हवा नाकात जाते आणि दाबाने घसा उघडा ठेवते. दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. कोणाला किती लागतो ते डॉक्टर ठरवतात. तो आपल्या मनाने बदलायचा नाही.

मशीन उत्तम. घोडं अडलं ते मास्कवर.

माझी दाढी आणि पहिला मास्क

माझी दाढी वीस वर्षांची आहे, मिशी जाड. दुकानदाराने माझ्या तोंडाकडे नीट न बघताच नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क हातात दिला. पहिल्याच रात्री गालावरून आणि हनुवटीखालून शिट्टी वाजायला लागली. हवा थेट डोळ्यात. मी पट्टे आवळले, शिट्टी वाढली. आणखी आवळले. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ, डोळे कोरडे. बायको दुसऱ्या खोलीत जाऊन झोपलेली. आठवडाभर असंच चाललं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "दाढी काढून टाका." मी मशीन खोक्यात घालून खाटेखाली सरकवलं. चार महिने ते तिथेच होतं आणि मी तसाच दर्यावर जात होतो. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

डोकं चाललं ते इंजिनच्या कामात. मेकॅनिक हेड बसवत होता. मी म्हटलं, "घट्ट आवळ रे." तो म्हणाला, "सेठ, गॅस्केटखाली कचरा असला तर कितीही आवळा, गळणारच. उलट गॅस्केट चेपून जाईल."

मास्कचं तेच आहे. मास्कच्या कडेला सिलिकॉनची मऊ उशी असते, ती कातडीला चिकटून हवा रोखते. मध्ये केस आले की प्रत्येक केसाशेजारून हवा निसटते. ही उशी हवेने थोडी फुगून बसायची असते. पट्टा आवळला की ती चेपते आणि गळती वाढते. तेव्हा मास्क असा घ्यायचा की त्याची कड केस नसलेल्या जागी बसेल.

कुठला मास्क कुठे टेकतो?

मोठा मास्क: नाकाच्या हाडावर, दोन्ही गालांवर आणि खालच्या ओठाखाली टेकतो. भरगच्च दाढीवाल्याला हा सगळ्यात अवघड. यातच एक नवा प्रकार आहे, तो नाकाच्या हाडावर न बसता नाकाखाली बसतो आणि तोंड झाकतो. डोळ्यात हवा जाणं कमी होतं, पण मिशी आणि हनुवटीच्या केसांचा प्रश्न राहतोच.

फक्त नाकाचा मास्क: नाकाचं हाड, दोन्ही बाजू आणि वरचा ओठ. दाढी आहे पण मिशी नाही किंवा बारीक आहे, अशा माणसाला हा बरा. जाड मिशी असेल तर खालची कड गळते.

नाकपुडीचा मास्क: याला नेझल पिलो म्हणतात. दोन मऊ शंकू नाकपुड्यांच्या तोंडाशी बसतात, बस्स. गाल, हनुवटी, ओठ यांना तो जवळपास लागतच नाही. दाढी छातीपर्यंत असली तरी याला फरक पडत नाही. मी आज हाच वापरतो.

यालाही दोन अटी आहेत. एक, नाक मोकळं हवं. दुसरी, दाब फार जास्त असेल तर नाकपुडीत हवेचा मारा काही जणांना सोसत नाही. घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. शंकू लहान, मध्यम, मोठा अशा मापांत येतात. माझ्या दोन नाकपुड्यांतही फरक निघाला! तिन्ही मापं लावून बघितल्यावरच बसला.

आणखी एक गोष्ट दुकानदार स्वतःहून सांगत नाहीत. मशीन एका कंपनीचं आणि मास्क दुसऱ्या कंपनीचा असला तरी बहुतेक वेळा चालतं, कारण नळीच्या जोडाचं माप सहसा सारखंच, २२ मिलिमीटर असतं. प्रवासाची काही छोटी मशीनं अपवाद आहेत. तेव्हा "याच्यावर हाच मास्क लागतो" म्हटलं की लगेच मान डोलावू नका. नाही बसला तर बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा.

बसवायचा कसा?

दुकानात खुर्चीवर बसून मास्क बघू नका. आडवे पडा, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर वळा, मशीन चालू करा आणि मग बघा. झोपल्यावर गालाचं मांस सरकतं, बसून घट्ट वाटलेला मास्क आडवं पडल्यावर गळतो.

आधी पट्टे सैल ठेवून उशी जागेवर टेकवा. हवा चालू झाली की मास्क किंचित पुढे ओढून परत सोडा, म्हणजे उशी फुगून नीट बसते. मग पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढा. पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे.

आता ओला हात कडेने फिरवा. होडीच्या फळीतून पाणी कुठून येतंय ते शोधतो तसं हवा कुठे लागते ते शोधा. पण मास्कच्या पुढच्या बाजूला किंवा नळीच्या वळणाजवळ बारीक भोकं असतात, तिथून येणारी हवा ही गळती नाही. आपण सोडलेला श्वास बाहेर जायला ती वाट ठेवलेली असते. ती भोकं चिकटपट्टीने बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

बऱ्याच मशीनवर सकाळी रात्रीची गळती दिसते. आठवडाभर रोज बघा, म्हणजे काय बदलल्याने काय झालं ते कळतं.

दाढी-मिशीची काळजी

दाढी कोणाची धर्माची असते, कोणाची नवसाची, कोणाची नुसती हौसेची. ती काढ म्हणायचा अधिकार कोणाला नाही. थोडी कात्री मात्र लावावी लागते. मी मिशीची वरची कड, नाकपुडीच्या अगदी खालची, दर चार दिवसांनी बारीक कापतो. बाकी मिशी जशीच्या तशी. समोरच्याला कळतसुद्धा नाही.

दोन-तीन दिवसांचे खुंट त्रास देतात. ते कातडीला टोचतात आणि सिलिकॉनलाही खरवडतात. राखायची तर नीट वाढवा, नाहीतर मास्क टेकतो तिथे रोज गुळगुळीत करा.

खोबरेल तेल आपण सगळेच दाढीला चोपडतो. ते सकाळी लावा. झोपण्याआधी तोंड साबणाने धुऊन कोरडं करा. तेलाने मास्क घसरतो आणि सिलिकॉन लवकर खराब होतं. उशी रोज सकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायची आणि सावलीत वाळवायची. नाकपुडी चुरचुरली तर पेट्रोलियम जेली लावू नका. पाण्यात विरघळणारं मलम कुठलं लावायचं ते डॉक्टरांना विचारा.

मोठाच मास्क लागणार असेल तर मास्क आणि कातडी यांच्यामध्ये घालायचं मऊ कापडी अस्तर मिळतं. लहान दाढी असेल तर त्याने गळती थोडी कमी होते. भरगच्च दाढीवर फार भिस्त ठेवू नका.

तोंड उघडं पडतं त्याचं काय?

नाकातून दाब येतोय आणि झोपेत तोंड उघडलं की सगळी हवा तोंडावाटे बाहेर. सकाळी घसा सुकून कोरडाठाक. हनुवटी वर धरणारा पट्टा मिळतो, पण दाढीवर तो घसरतो. आतून मऊ कापड असलेला, डोक्यावरून बांधायचा पट्टा त्यातल्या त्यात टिकतो. मुळात नाक चोंदलेलं असेल तर आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाक बंद असताना तोंड बांधून किंवा चिकटवून झोपायचं नाही. माझं नाकाचं हाड वाकडं निघालं, पण औषधाने सूज उतरली आणि भागलं.

बोटीवर नेताना

किनाऱ्यावर बसलेले डॉक्टर हे सहसा सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

ज्याला बोट लागते, उलटी होते, त्याने तोंड झाकणारा मास्क दर्यावर लावण्याआधी डॉक्टरांशी जरूर बोलावं. झोपेत उलटी झाली आणि ती मास्कमध्ये अडकली तर श्वासनलिकेत जाऊ शकते. नाकपुडीच्या मास्कमध्ये तोंड मोकळं राहतं. शिवाय रात्री हाक आली तर एका हाताने काढता येतो.

वीज बॅटरीवरून घ्यायची तर १२ किंवा २४ व्होल्टचा, त्या मशीनसाठी बनवलेलाच ॲडॉप्टर घ्या. हवा दमट करणारं भांडं गरम व्हायला बरीच वीज खातं. बोटीवर मी ते बंद ठेवतो, दर्यावरची हवा दमटच असते. भांड्यात पाणी असताना मशीन उचलू नका, लाटेच्या हिसक्याने पाणी मोटरमध्ये जातं. घरी भांड्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. फिल्टर वेळेवर बदला, आणि बोटीवरून आल्यावर मशीन कोरड्या कापडाने पुसून पेटीत ठेवा.

सवय लागायला वेळ द्या

पहिल्या रात्री मीही दोन तासांत मास्क काढून फेकला. मग संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसायला लागलो. नातवंडं हसली, हसू दे. तीन आठवड्यांत सहा तास झोपायला लागलो. तासाला ३८ चा आकडा आता ४ वर आहे. सकाळची डोकेदुखी गेली, रात्री तीनदा लघवीला उठायचो ते थांबलं. बायको परत आपल्या खोलीत आली.

म्हणून सांगतो, घरच्या बायकांनो, तुमचा माणूस जोरात घोरतो, मध्येच श्वास थांबतो, दिवसा जेवता जेवता पेंगतो, रक्तदाब औषधाने खाली येत नाही, मान जाड आहे, तर या बंदीतच तपासणी करून घ्या. झोपण्याआधीची दारू बंद करायला लावा, तिने घसा आणखी सैल पडतो. आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर दातांच्या डॉक्टरांकडून खालचा जबडा पुढे धरणारं साधन बनवून घेता येतं का, तेही विचारा. त्याला दाढीची काहीच अडचण नाही.

आणि ज्यांचं मशीन माझ्यासारखं खाटेखाली पडलंय, त्यांनी ते बाहेर काढा. मशीन तेच राहू दे, मास्क बदलून बघा. माझ्याकडे मोठा, नाकाचा आणि नाकपुडीचा असे तिन्ही मास्क घरी आहेत. मास्क एकमेकांचा वापरायचा नसतो, पण कड कुठे टेकते ते हातात घेऊन दाखवता येईल. जेटीवर सकाळी असतोच. १ ऑगस्टला बोटी बाहेर पडतील तेव्हा सुकाणूवरचा माणूस पुरेसा झोपलेला असू दे.