मिरचीतील कॅप्सेसिन आणि मेदपेशींचे चयापचय

'मिरचीने चरबी जळते' असा दावा करणारी अनेक उत्पादने आज बाजारात आढळतात. मिरची उत्पादक व प्रक्रिया गटांनी असा मजकूर आपल्या वेष्टनावर छापण्यापूर्वी त्यामागील विज्ञान समजून घेणे आवश्यक आहे.

मिरचीचा तिखटपणा प्रामुख्याने कॅप्सेसिन या संयुगामुळे असतो. ते बियांत नव्हे, तर बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात, त्या भागात तयार होते.

पेशींत काय घडते?

चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ हा ग्राही असतो. सुमारे ४३ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णतेने तो उघडतो आणि कॅप्सेसिननेही उघडतो. म्हणूनच तिखट खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखे वाटते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हा ग्राही ओळखला. ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापूटियन यांच्यासह मिळाले.

ग्राही उघडताच कॅल्शियमचे आयन पेशीत शिरतात, अनुकंपी चेतासंस्था उत्तेजित होते आणि तिचे संदेश मेदपेशींपर्यंत पोहोचतात. पांढऱ्या मेदपेशी चरबी साठवतात, तर तपकिरी मेदपेशी यूसीपी-१ या प्रथिनाच्या साहाय्याने तिचे उष्णतेत रूपांतर करतात. कॅप्सेसिनमुळे उंदरांच्या पांढऱ्या मेदपेशींत तपकिरी पेशींचे गुण वाढल्याचे प्रयोगांत आढळले आहे. प्रयोगशाळेतील पूर्वमेदपेशींचे पक्व मेदपेशींत होणारे रूपांतरही त्याने मंदावते.

निष्कर्षांची मर्यादा

पेशींवरील व प्राण्यांवरील प्रयोगांत दिलेली मात्रा आहारातून मिळणाऱ्या मात्रेशी थेट ताडून पाहता येत नाही. मानवी अभ्यासांत ऊर्जाव्ययातील वाढ अल्प आढळली आहे. मिरची हा संतुलित आहाराचा व व्यायामाचा पर्याय नव्हे. अतिसेवनाने जठराचा दाहही होतो.

उत्पादकांसाठी बोध

कॅप्सेसिनचे प्रमाण वाणानुसार बदलते. गडद लाल रंगासाठी प्रसिद्ध असलेली कर्नाटकातील ब्याडगी सौम्य असते, तर ईशान्य भारतातील भूत जोलोकियाचा तिखटपणा दहा लाख स्कोव्हिल एककांपर्यंत जातो. त्यामुळे रंगासाठी आणि कॅप्सेसिनयुक्त अर्कासाठी वाणांची निवड वेगवेगळी करावी लागते. अर्क उद्योगाला माल देताना प्रयोगशाळेत मोजलेले कॅप्सेसिनचे प्रमाण हाच सौद्याचा भक्कम आधार ठरतो.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांनुसार प्रत्येक दाव्यास शास्त्रीय आधार आवश्यक आहे. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी गटांना वजन घटवण्याचा दावा छापण्याऐवजी वाण, तिखटपणा व स्वच्छ वाळवणी यांची खरी माहिती वेष्टनावर देण्याचा सल्ला द्यावा.